चांदीचा आयन वापरण्याआधी

इथिलीन (वनस्पतींचं वायुरूप संप्रेरक) आणि धातूंचे आयन हा विषय प्रयोगासाठी घेतलायस, तर सुरुवात तांब्यापासून कर. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपातला इटीआर१ हा ग्राहक (इथिलीनचा संकेत टिपणारं प्रथिन) तांब्याचा आयन धरल्याशिवाय इथिलीन पकडूच शकत नाही. तो आयन त्याला रॅन१ हा पंप पुरवतो. इथिलीन नसताना ग्राहक सीटीआर१ या संकेत दाबून ठेवणाऱ्या प्रथिनाला जागं ठेवतो आणि पुढची जनुकं दबलेली राहतात. इथिलीन बसलं की हा दाब सुटतो, ईआयएन३ हे जनुकं चालू करणारं प्रथिन टिकून राहतं आणि ईआरएफ१ हे जनुक चालू होतं. चांदी तांब्याची जागा घेते. नवल असं, की तरीही इथिलीन चिकटतं, पण दाब काही सुटत नाही.

सिल्व्हर नायट्रेट थेट एमएस माध्यमात (रोपं वाढवायचं पोषक माध्यम) टाकू नकोस, त्यातल्या क्लोराइडमुळे साका बसतो. सिल्व्हर थायोसल्फेट बनव: नायट्रेटचं द्रावण थायोसल्फेटमध्ये हळूहळू ओत, उलट नाही. चांदी आणि थायोसल्फेट यांचं १:४ प्रमाण चालतं. ताजंच वापर, उजेडापासून जप. तुलनेसाठी नुसत्या थायोसल्फेटचा कंट्रोल हवाच.

आधी अंधारात एसीसीवर (रोप ज्यापासून इथिलीन बनवतं तो पदार्थ) वाढलेली रोपं डोळ्यांनी बघ: बुटकं जाडसर खोड, शेंड्याला घट्ट वळलेला आकडा (हुक). चांदी मिसळलेल्या माध्यमाच्या प्लेटवर ती लांब, सडसडीत दिसली पाहिजेत. तोवर जनुकं किती चालू आहेत हे मोजायला आरएनए काढायची घाई नको.

कोबाल्टनेही रोपं तशीच लांब दिसतील, पण तो इथिलीन तयार होणंच अडवतो. बाहेरून वायू दिलास की फरक कळेल. शिवाय चांदी इथिलीनला वगळूनही ऑक्सिन या दुसऱ्या संप्रेरकाचं पेशीबाहेर जाणं वाढवते, म्हणून ईआयएन२ म्यूटंट (इथिलीनला प्रतिसाद न देणारं रोप) पहिल्या प्रयोगापासून सोबत ठेव.