फ्लॅग ह्याला पडला, त्याला का नाही?

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिथल्या पंचगिरीवर आलेल्या प्रश्नांपैकी सहा इथे घेतले आहेत. फ्लॅग म्हणजे नियमभंग दाखवायला पंच टाकतो तो पिवळा रुमाल. मैदानावर एकूण सात पंच असतात. पांढऱ्या टोपीचा रेफ्री हा त्यांचा प्रमुख. 'अंपायर' हे तिथे सातांपैकी एकाच्याच जागेचं नाव आहे, हे क्रिकेटची सवय असलेल्यांनी ध्यानात ठेवावं.

प्रश्न : होल्डिंग (समोरच्याला धरून ठेवणं) तर प्रत्येक खेळीत दिसतं. मग मधूनच एखाद्यालाच दहा यार्डांचा दंड का? (एडिसन, न्यू जर्सी)

दिसतं, कारण नियम पकडीला सरसकट बंदी घालतच नाही. ब्लॉक करणाऱ्याचे, म्हणजे बचावपटूला अडवणाऱ्याचे, हात समोरच्याच्या छातीच्या चौकटीत असतील, तर मुठीत जर्सी आली तरी बहुतेकदा चालून जातं. पकडीमुळे बचावपटूची वाट खरोखर अडली, तो सुटायला बघत होता आणि सुटू शकला नाही, तरच दंड. म्हणून मुठीकडे बघू नका, बचावपटूच्या खांद्याकडे बघा. त्याचे पाय क्वार्टरबॅककडे (चेंडू फेकणाऱ्याकडे) निघालेत, धड मागे राहिलंय, खांदा उलटा फिरलाय आणि जर्सी पाठीवर तंबूसारखी ताणली गेलीय, असं दिसलं की फ्लॅग यायलाच हवा. उलट धावण्याची खेळी डावीकडे चालू असेल आणि उजव्या टोकाला कुणी कुणाला धरलं असेल, तर पंच बहुधा सोडून देतात. खेळीवर परिणाम नाही, हे त्यामागचं गणित.

आता हे बघतं कोण? रेफ्री आणि अंपायर दोघंही आक्रमक संघाच्या मागे उभे असतात. २०१० पूर्वी अंपायर बचाव फळीच्या बाजूला, लाइनबॅकरांच्या (बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूंच्या) गर्दीत उभा राहायचा आणि वारंवार तुडवला जायचा, म्हणून त्याला मागे नेलं. दोघांनी मिळून नजर ठेवायची ती आक्रमक फळीतल्या पाच लाइनमनवर. त्यातही क्वार्टरबॅकवर कुणी चालून आलं की रेफ्रीला नजर तिकडे वळवावी लागते, कारण क्वार्टरबॅकचं रक्षण ही त्याची पहिली जबाबदारी. त्यामुळे स्नॅपनंतर (चेंडू खेळात आल्यावर) दुसऱ्या सेकंदाला झालेली पकड दिसते आणि चौथ्या सेकंदाची, कितीही ढळढळीत असली तरी, निसटू शकते. टीव्हीवर आपण तीच पकड संथ गतीत तीनदा बघतो, तेव्हा अर्थातच पंच आंधळा वाटतो.

प्रश्न : शेवटच्या दोन मिनिटांत पंचांनी शिट्टी खिशात ठेवावी की नाही? २०१९ मध्ये सेंट्स संघावर अन्याय झाला आणि २०२३ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, ईगल्सवर. (फ्रिस्को, टेक्सस)

ही दोन उदाहरणं एकाच माळेत ओवता येत नाहीत.

२० जानेवारी २०१९, न्यू ऑर्लीन्स, एनएफसीचा, म्हणजे लीगच्या एका अर्ध्या भागाचा, अंतिम सामना. रॅम्सविरुद्ध २०–२० बरोबरी, जेमतेम पावणेदोन मिनिटं शिल्लक. सेंट्सचा टॉमीली लुईस चेंडूची वाट बघतोय आणि चेंडू पोचण्याआधीच निकेल रोबी-कोलमन त्याच्यावर आदळतो. पास इंटरफिअरन्सचं (चेंडू येण्याआधीच झेलणाऱ्याला अडवण्याचं) पाठ्यपुस्तकातलं उदाहरण, तरी फ्लॅग नाही. फ्लॅग पडला असता तर सेंट्सना पहिला डाऊन, म्हणजे दहा यार्ड पुढे जायला नव्याने चार खेळी, मिळून जवळजवळ सगळं घड्याळ संपवता आलं असतं. प्रत्यक्षात त्यांना किकच्या तीन गुणांवर थांबावं लागलं. रॅम्सनी बरोबरी साधली आणि जादा वेळेत ५७ यार्डांच्या किकवर २६–२३ असा सामना घेतला. पुढे लीगने रोबी-कोलमनला त्याच धडकेसाठी, हेल्मेटवर हेल्मेट आदळल्याबद्दल, २६,७३९ डॉलरचा दंड केला. मैदानावर जो गुन्हा नव्हता, तो आठवड्याभरात कागदावर झाला.

१२ फेब्रुवारी २०२३ ची गोष्ट वेगळी. चीफ्सविरुद्ध ३५–३५, एक मिनिट चोपन्न सेकंद बाकी, तिसरा डाऊन. ईगल्सच्या जेम्स ब्रॅडबरीवर डिफेन्सिव्ह होल्डिंग लागलं. दंड फक्त पाच यार्ड, पण सोबत आपोआप पहिला डाऊन. चीफ्सनी घड्याळ जिरवलं आणि आठ सेकंद उरली असताना किक मारून ३८–३५ असा सामना जिंकला. जर्सी ओढली होती, पंच सोडून देतील असं वाटलं होतं, हे ब्रॅडबरीने सामन्यानंतर स्वतःच कबूल केलं. म्हणजे निर्णय बरोबर होता. तक्रार असलीच तर ती अशी, की तशी हातघाई संध्याकाळभर चालू दिली होती. ती तक्रार मला रास्त वाटते. पण तिचं औषध शेवटी सोडून देणं हे नव्हे, पहिल्या क्वार्टरपासून पकडणं हे आहे. शिट्टी खिशात ठेवणं म्हणजे तटस्थ राहणं नव्हे. त्याचा फायदा नेहमी ओढणाऱ्यालाच होतो.

२०१९ च्या प्रकारानंतर लीगने एका हंगामापुरता पास इंटरफिअरन्स रिप्लेखाली आणला आणि २०२० मध्ये काढूनही टाकला. फसला, कारण रिप्लेला 'उघड आणि स्पष्ट' पुरावा लागतो. पाय रेषेच्या आत होता की बाहेर, हे चित्रात दिसतं. पण हात कमरेवर नुसता टेकला होता की त्याने रिसीव्हरला वळवलं, हे थांबवलेल्या चित्रातून ठरत नाही. न्यूयॉर्कमधली रिप्ले खोली बहुतेक वेळा मैदानावरचाच निर्णय कायम ठेवायची आणि प्रशिक्षकांचे चॅलेंज वाया जायचे.

खरी गोम दंडाच्या आकारात आहे. कॉलेज फुटबॉलमध्ये बचावपटूच्या पास इंटरफिअरन्सला फार तर १५ यार्ड मिळतात. एनएफएलमध्ये गुन्हा जिथे घडला तिथे चेंडू ठेवतात, एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या, गुण मिळवून देणाऱ्या पट्ट्यात) घडला तर एक यार्डाच्या रेषेवर. एका संशयास्पद फ्लॅगची किंमत चाळीस-पन्नास यार्ड होऊ शकत असेल, तर लोक चिडणारच.

प्रश्न : क्वार्टरबॅकला स्पर्श केला तरी रफिंगचा (त्याला बेकायदा मारल्याचा) दंड? बचावपटू ग्रेडी जॅरेट आणि ख्रिस जोन्स यांनी नेमकं काय चुकीचं केलं? (पुणे)

माझ्या मते जॅरेटने काहीच नाही. ९ ऑक्टोबर २०२२ ला त्याने क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला कमरेला धरून फिरवत खाली पाडलं, बस. दुसऱ्याच रात्री जोन्सने क्वार्टरबॅक डेरेक कारच्या हातातून चेंडू हिसकावला, चेंडू जोन्सच्याच हातात होता आणि तरी फ्लॅग पडला, कारण तो कारच्या अंगावर पूर्ण वजनानिशी आला असं रेफ्रीचं मत पडलं.

या नियमात चार गोष्टी बघतात: डोक्याला किंवा मानेला धक्का, गुडघ्याखाली धडक, चेंडू सुटल्यावर उशिरा मारणं, आणि पाडताना सगळं वजन अंगावर टाकणं. चौथ्यावर २०१८ पासून विशेष जोर दिला गेला. तो टाळायचा तर धावत्या माणसाने हवेतच अंग वळवून बाजूला पडायचं, म्हणजे भौतिकशास्त्राशी भांडण. त्यात नियमपुस्तकच सांगतं, की शंका असेल तेव्हा रेफ्रीने फ्लॅग टाकावा. लोक याला पक्षपात म्हणतात, पण शंकेचा फायदा कुणाला द्यायचा हे इथे आधीच लिहून ठेवलेलं आहे.

प्रश्न : आता हॉक-आय आलं ना? मग चेंडूच्या जागेवरून वाद का? (ठाणे)

क्रिकेटमधलं हॉक-आय चेंडूचा पुढचा मार्ग सांगतं. इथे २०२५ च्या हंगामापासून त्याचं काम त्याहून साधं आहे: ठेवलेल्या चेंडूपासून पहिल्या डाऊनच्या रेषेपर्यंतचं अंतर मोजणं. म्हणजे मोजायला साखळीऐवजी कॅमेरे आले; साखळी उरली ती पर्याय म्हणून. चेंडू कुठे ठेवायचा, हे अजून पंचच ठरवतो.

हे होतं कसं? धावणारा पडला की दोन्ही बाजूच्या रेषांवरून एकेक पंच आत येतो आणि चेंडू सर्वांत पुढे जिथवर गेला त्या ओळीत पाऊल रोवतो. दोघांची पावलं जुळली तर प्रश्न मिटला. २६ जानेवारी २०२५ च्या एएफसी (लीगचा दुसरा अर्धा भाग) अंतिम सामन्यात ती जुळली नाहीत. बिल्स चीफ्सविरुद्ध २२–२१ ने पुढे, चौथा क्वार्टर नुकताच सुरू झालेला, चौथ्या, म्हणजे शेवटच्या, डाऊनला बिल्सचा क्वार्टरबॅक जोश ॲलन खेळाडूंच्या ढिगाऱ्यात घुसला. दोन पंच दोन वेगवेगळ्या जागांवर आले आणि मागची जागा धरली गेली. रिप्लेने निर्णय बदलला नाही. चेंडू चीफ्सकडे गेला आणि सामनाही, ३२–२९.

चेंडूत चिप असते, मग तीच का विचारत नाहीत, असंही बऱ्याच जणांनी लिहिलंय. चिप चेंडूची जागा सांगेल. पण गुडघा नेमका कधी टेकला, किंवा पुढची वाटचाल कधी थांबली, हे चिपला कळत नाही. तो क्षण माहीत नसेल तर जागा कळून उपयोग नाही, आणि ढिगाऱ्याखाली कॅमेऱ्यालाही काही दिसत नाही.

प्रश्न : खेळी सुरू करायचं घड्याळ शून्यावर गेलं तरी 'डिले ऑफ गेम' (उशिराचा दंड) देत नाहीत, हे कसं? (नाशिक)

बॅक जज हा पंच आधी घड्याळाकडे बघतो. शून्य दिसलं की मग चेंडूकडे नजर वळवतो, आणि तेव्हाही चेंडू जमिनीवरच असेल तर फ्लॅग टाकतो. नजर वळवायला लागणारा क्षण आक्रमक संघाला फुकट मिळतो. दोन्ही संघांना सारखाच मिळतो, म्हणून यावर रागावण्यात अर्थ नाही.

प्रश्न : डेट्रॉइटचे दोन गुण २०२३ मध्ये कागदी चुकीने गेले म्हणतात. चूक पंचांची की संघाची? (नोवाय, मिशिगन)

५० ते ७९ आणि ९० ते ९९ क्रमांकाच्या आक्रमक खेळाडूला पास झेलायचा असेल तर त्याने खेळीआधी रेफ्रीकडे जाऊन सांगावं लागतं, सोबत छातीवरून हात वर-खाली फिरवायचा. मग रेफ्री तो क्रमांक बचाव संघाला कळवतो. ३० डिसेंबर २०२३ ला डॅलसविरुद्ध डेट्रॉइटच्या लायन्सनी २३ सेकंद बाकी असताना टचडाऊन केला (चेंडू एंड झोनमध्ये नेला) आणि एका गुणाची किक मारून बरोबरी करण्याऐवजी दोन गुणांचा डाव खेळला. ६८ क्रमांकाचा टेलर डेकर आणि ७० क्रमांकाचा डॅन स्किपर असे दोघंही रेफ्रीच्या दिशेने गेले. हेतू डॅलसला गोंधळात टाकण्याचा. रेफ्रीने जाहीर केला ७०. पास झेलला डेकरने, फ्लॅग पडला, गुण रद्द. पुढच्या प्रयत्नात इंटरसेप्शन (पास डॅलसनेच झेलला), पण डॅलस ऑफसाइड असल्याने आणखी एक संधी, तीही हुकली. निकाल २०–१९.

डेकरने सांगितलं होतं, हे चित्रणावरून पटतं. म्हणजे ऐकणाऱ्याची चूक आहेच. पण चकवा समोरच्या संघासाठी रचलेला होता आणि आधी फसला रेफ्री, हेही तितकंच खरं. शिवाय ७० हा क्रमांक मैदानावर जाहीर झाला होता. स्नॅपआधी लायन्सच्या एकानेही हात वर करून तो दुरुस्त करून घेतला नाही.