‘मिक्स कर’ एवढ्यावर भागत नाही

प्रश्न : माझी सात आणि दहा वर्षांची नातवंडे सुटीत माझ्याबरोबर नानकटाई आणि केक करतात, मात्र फेटणे, फेसणे, मळणे या सगळ्यांना त्यांच्याकडे ‘मिक्स करणे’ हा एकच शब्द आहे. त्यांना हे शब्द कसे शिकवावेत? ओव्हन, बेकिंग पावडर यांनाही मराठी शब्द शोधावेत का?
– एक आजी, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ओव्हन, केक, बेकिंग पावडर हे शब्द आहेत तसेच राहू द्यावेत. आपल्या नाशिकच्या मिसळीबरोबरचा पावही पोर्तुगीजांकडून नावासकट आला आणि मराठीच झाला. जपायला हवीत ती क्रियापदे, कारण हाताने नेमके काय करायचे ते त्यांतूनच कळते.

सुरुवात नानकटाईने करावी. परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन ती मुलांना तळहाताने फेसायला द्यावी. पिवळसर, जड तूप हळूहळू पांढरे आणि हलके होताना त्यांनी स्वतः पाहिले, की फेसण्याने त्यात हवा शिरते हे वेगळे सांगावे लागत नाही. मग चाळलेला मैदा घालून गोळा होण्यापुरताच एकत्र करावा आणि ‘आता मळू नकोस’ असे मुद्दाम सांगावे, म्हणजे नानकटाई खुसखुशीत होते. दुसऱ्या दिवशी पावाचे पीठ मात्र चांगले दहा मिनिटे मळू द्यावे. पाणी घालून मळल्याने मैद्यात चिवट जाळे तयार होते, यीस्टमुळे सुटणारा वायू त्यात अडकतो आणि पीठ फुगते. भाजलेला पाव उलगडून आतली जाळी दाखवली, की ‘मळणे’, ‘फुगणे’ आणि ‘जाळी पडणे’ हे तिन्ही शब्द एकदमच समजतात. पुरणपोळीच्या कणकेपुरता उरलेला ‘तिंबणे’ हा सुंदर शब्दही याच वेळी कानावर घालावा, असे मला मनापासून वाटते.

चमचाभर दह्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून ‘फसफसणे’ दाखवावे. सोड्याला असे आंबट काहीतरी लागते, बेकिंग पावडरमध्ये ते आधीच मिसळलेले असते, हा फरकही तेव्हाच सांगता येईल.

शब्द पाठ करून घेऊ नयेत. मूल ‘मिक्स केले’ म्हणाले, की ‘फेसले की मळले?’ एवढेच विचारावे. ओव्हन मात्र मोठ्यांनीच उघडावा, आणि एक नानकटाई मुद्दाम जास्त वेळ आत ठेवावी. बदामी, खरपूस आणि करपलेली यांतील फरक तिच्याशेजारी बाकीच्या ठेवल्यावरच दिसतो.