द्रासचं वॉर मेमोरियल बघायला अर्धा तास पुरेल का?

तुम्ही विचारलंय की श्रीनगरहून कारगिलला जाताना द्रासला अर्धा तास थांबलं तर मेमोरियल बघून होईल का, आणि सोबत साठीच्या पुढचे आईवडील आहेत तर त्यांना झेपेल का. झेपेल, मेमोरियल हायवेला लागूनच आहे, द्रास गाव ओलांडलं की कारगिलच्या बाजूला, चढबिढ काही नाही. पण अर्धा तास नका ठेवू हो, माझं ऐकाल तर रात्री द्रासलाच मुक्काम करा.

बरेचसे टूरवाले काय करतात, सकाळी सोनमर्ग सोडायचं, झोजिला खिंड पार करून दुपारी मेमोरियलला गाडी लावायची, लोक झेंड्यासमोर आणि बोफोर्सपाशी फोटो काढतात, चहा घेतात की निघाले. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण जे बघायचं ते तर मेमोरियलच्या मागे उभं असतं. तो डोंगर म्हणजेच तोलोलिंग. द्रास साधारण १०,८०० फुटांवर, तोलोलिंगचा माथा १५,००० च्या आसपास, आणि मधे झाड नाही की झुडूप नाही. १९९९ च्या कारगिल युद्धात वर बसलेल्या पाकिस्तानी सैनिकांना खाली हायवेवरच्या गाड्या दिसायच्या आणि बघून बघून तोफगोळे रस्त्यावर पाडता यायचे, म्हणजे लेहचा रस्ता वाचवायचा तर तोलोलिंग आधी घ्यायलाच हवं होतं. त्यात नियंत्रण रेषा ओलांडायची नाही असा आदेश, मग मागून जाऊन रसद तोडायचा मार्गच बंद, खालूनच वर चढायचं, तेही बहुतेक रात्री कारण दिवसा आडोसाच नाही. आपल्या १८ ग्रेनेडियर्स पलटणीने मे महिन्यात चढाई सुरू केली, त्यात मेजर राजेश अधिकारी गेले, आणि शेवटी १३ जूनला २ राजपुताना रायफल्सने माथा घेतला. हे सगळं आधी वाचलं असलं तरी खाली उभं राहून मान वर केल्याशिवाय कळत नाही, नाहीच कळत.

तिथे ड्युटीवरचे जवान ग्रुपला माहिती सांगतात ती पूर्ण ऐका. टायगर हिल कुठलं, कॅप्टन विक्रम बत्रा ७ जुलैला जिथे गेले ते पॉइंट ४८७५ शिखर कुठल्या बाजूला, सगळं सांगतात. मग कॅप्टन मनोज पांडेंच्या नावाची गॅलरी बघा (ते स्वतः बटालिककडे खालुबारला लढले, द्रासला नाही). भारताचे ५२७ जवान या युद्धात गेले. भिंतीवरची नावं वाचताना मधेच आपल्याकडची आडनावं येतात, तिथे आईवडिलांना अजिबात घाई करू नका.

मुक्काम करा म्हणतोय त्याचं अजून एक कारण म्हणजे गाव. इथले लोक शिना भाषा बोलतात, युद्धात गोळे यांच्या घरांवर पण पडले, कितीतरी जणांना घरदार सोडून जावं लागलं, आणि इथल्याच लोकांनी पोर्टर म्हणून सैन्याचं सामान पाठीवर वर नेलं. आपण मात्र गावाकडे बघतसुद्धा नाही. साधं गेस्टहाऊस घ्या, संध्याकाळी बाजारात चक्कर मारा, म्हाताऱ्या माणसांशी बोला, फक्त पहिल्या चहालाच युद्धाचा विषय काढू नका, त्यांना सांगावंसं वाटलं तर ते सांगतील.

बाकी जून ते सप्टेंबर ठीक. २६ जुलैला कारगिल विजय दिवसाचा मोठा कार्यक्रम असतो, गर्दी आणि बंदोबस्त खूप, वयस्कर माणसं असतील तर चार दिवस मागेपुढे जा. आदली रात्र सोनमर्गला काढा म्हणजे उंचीचा त्रास कमी होईल, आणि झोजिलाचा रस्ता कधी कुठल्या बाजूने सोडतात ते तिथेच विचारून घ्या. याच खिंडीत पाकिस्तानशी झालेल्या पहिल्या युद्धात, १ नोव्हेंबर १९४८ ला, जनरल थिमय्यांनी रणगाडे वर चढवून द्रासचा रस्ता मोकळा केला होता, वडिलांना जाताना नक्की सांगा. जुलैतही रात्री जॅकेट लागतं. बाहेरचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेड ठेवा, आणि सगळ्यांची ओळखपत्रं हाताशी असू द्या.