खिशात एकच अवजार ठेवायचे झाले तर

प्रश्न : मी चिपळूणच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझ्याजवळ घडीची तीन अवजारे जमली आहेत : भावाने अमेरिकेहून आणलेले लेदरमनचे 'वेव्ह प्लस', व्हिक्टोरिनॉक्सचा कात्री असलेला लाल 'क्लायंबर' चाकू आणि त्याच कंपनीचा, किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवायचा बोटभर 'क्लासिक'. एकच कायमचे पर्समध्ये ठेवायचे आहे. कामे म्हणाल तर पार्सल उघडणे, दोरा कापणे, फळ चिरणे, चष्म्याचा स्क्रू आवळणे, प्रयोगशाळेतील किरकोळ दुरुस्त्या, स्कूटरची एखादी खटपट आणि पावसाळा संपला की सह्याद्रीतली भटकंती. कोणते ठेवू? भावाची भेट घरी ठेवायला मन होत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते.

— एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : तुम्ही अवजारांच्या नावांबरोबर कामांची यादीही पाठवलीत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. माझे उत्तर क्लायंबर असे आहे. ते कसे निघाले, हे मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण याच रीतीने दुसऱ्या वाचकाचे उत्तर अगदी वेगळे येऊ शकते.

तुमच्याकडची दोन्ही घराणी एकेका नेमक्या अडचणीतून जन्मली आहेत. स्वित्झर्लंडमधील इबाख या गावी कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये चाकूंचा कारखाना काढला आणि १८९१ पासून ते स्विस लष्कराला चाकू पुरवू लागले. त्या चाकूत एक पाते, एक टोचा, डबा उघडण्याचे पाते आणि एक पेचकस एवढेच होते. सैनिकाला जेवणाचा डबा उघडायचा असे आणि नव्या रायफलीचे स्क्रू खोलायचे असत, म्हणून ही निवड. १८९७ मध्ये त्यांनी अधिकाऱ्यांसाठी अधिक हलका चाकू काढला आणि त्यात छोटे पाते व बूच काढायचे मळसूत्र घातले. तुमचा लाल चाकू हा त्याचा थेट वंशज आहे. लेदरमनची हकिगत पुष्कळ नंतरची आहे. टिम लेदरमन १९७५ मध्ये पत्नीसह एका जुन्या फियाटमधून युरोपभर फिरत होते. गाडी सारखी बिघडे, उतरलेल्या ठिकाणचे नळ गळत, आणि खिशातल्या चाकूने बरेचसे निभावले तरी प्रत्येक वेळी पक्कड नसल्याची चुटपूट लागे. परतल्यावर त्यांनी पक्कडच घडीची करायचे मनावर घेतले, आणि ती बाजारात यायला १९८३ साल उजाडले. म्हणजे एका अवजाराच्या पोटात चाकू आहे आणि दुसऱ्याच्या पोटात पक्कड. बाकीची पाती त्यांच्याभोवती बसवलेली आहेत. तेव्हा पात्यांची संख्या मोजत बसण्याऐवजी, आपल्याला चाकू जास्त लागतो की पक्कड, हे आधी ठरवावे.

आता तुमची यादी पुन्हा घ्या आणि प्रत्येक कामासमोर ते कोठे निघते, हे लिहा. प्रयोगशाळेतील दुरुस्ती प्रयोगशाळेतच निघते, आणि तेथील खणात पूर्ण आकाराची पक्कड व पेचकस असतात, किंवा असायला हवेत. स्कूटरची खटपट स्कूटरपाशीच निघते, आणि तिच्या डिकीत हत्यारांची पिशवी ठेवता येते. जवळ बाळगायचे अवजार निवडताना ही कामे हिशोबातून वगळली पाहिजेत, कारण जेथे हत्यारपेटी हाताशी नाही तेथेच त्याची परीक्षा होते. मग उरते काय? एसटीत चिरायचा पेरू, शिक्षक-खोलीतले पार्सल, कोणाच्या तरी घरी साडीचा निघालेला दोरा आणि वर्गात अचानक ढिली झालेली चष्म्याची काडी. या चारही कामांना कात्री, बेताचे पाते आणि बारीक पेचकस पुरतो. पक्कड एकालाही लागत नाही.

कात्रीविषयी थोडे अधिक बोलतो, कारण तिचे महत्त्व लोकांच्या उशिरा ध्यानात येते. दुकानात उभे असताना माणूस पाते उघडून पाहतो, करवतीवरून बोट फिरवतो आणि कात्रीकडे खेळणे म्हणून दुर्लक्ष करतो. मी तंत्रनिकेतनात कार्यशाळा शिकवत असताना एका महिन्यात खिशातल्या अवजाराचा प्रत्येक वापर डायरीत टिपला होता, आणि महिनाअखेरीस कात्रीच्या खुणा पात्यापेक्षाही जास्त निघाल्या. औषधाची पट्टी, नखाचा तुटका कोपरा, बँडेज, दुधाची पिशवी, पतंगाचा मांजा : चारचौघांत ही कामे पाते उघडून केली की शेजारचा माणूस दचकतो, कात्रीने केली की कोणी वळूनही पाहत नाही. क्लायंबरची कात्री या कामांना पुरेशी मोठी आहे आणि तिची स्प्रिंग तुटली तर ती बदलता येते.

चष्म्यासाठी व्हिक्टोरिनॉक्सचा एक इवलासा पेचकस वेगळा मिळतो. तो बूच काढायच्या मळसूत्रातच फिरवून बसवायचा असतो. ज्या मळसूत्राचा आपल्या घरी काही उपयोग नाही असे वाटते, ते अशा रीतीने कामी येते, शिवाय ओल्या दोरीची घट्ट बसलेली गाठही त्याने सुटते. डबा उघडण्याच्या पात्याचे टोक लहान पेचकसासारखे घडवलेले असते आणि ते फुलीच्या स्क्रूलाही चालते.

वजनाचा मुद्दा मी शेवटी घेतला असला तरी तो दुय्यम नाही. वेव्ह प्लसचे वजन २४१ ग्रॅम आहे, म्हणजे पाव किलोच्या वजनाला अवघे नऊ ग्रॅम कमी. क्लायंबर सुमारे ८० ग्रॅमचा आहे. रोज पर्स खांद्याला लावून बसस्टँड गाठणाऱ्या व्यक्तीला हा फरक महिनाभरात जाणवतो, आणि मग जड वस्तू आपोआप घरी राहू लागते. क्लासिक सर्वांत हलका आहे, पण ५८ मिलिमीटरच्या मुठीत बसणाऱ्या त्याच्या पात्याने पेरू नीट चिरत नाही, त्यामुळे एकमेव अवजार म्हणून तो अपुरा पडेल.

या निवडीत तुम्ही काय गमावता, तेही सांगतो. वेव्हची पाती उघडल्यावर खटका बसून पक्की होतात, क्लायंबरची होत नाहीत. ती नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर उघडी राहतात. अनेक वर्षांपूर्वी पिशवीच्या पट्ट्याला भोक पाडण्यासाठी मी अशाच चाकूच्या मोठ्या पात्याचे टोक रेटले, पाते मिटले आणि तर्जनीला तीन टाके पडले. दोष चाकूचा नव्हता. भोकासाठी त्याच्या पाठीवर टोचा दिलेला आहे. तो मुठीशी काटकोनात उघडतो, म्हणून हाताचा जोर सरळ टोकात उतरतो. पाते ज्या दिशेला मिटते त्या दिशेने जोर पडेल असे कोणतेही काम कृपा करून करू नका. भटकंतीत चुलीवरचे तापलेले पातेले उचलायला पक्कड लागेल, असे मनात आले असेल तर सॅकमध्ये घरची सांडशी टाका. ती त्या कामाला कोणत्याही घडीच्या पक्कडीपेक्षा चांगली.

भावाची भेट प्रयोगशाळेच्या खणात ठेवा. तेथे ती पर्समधल्यापेक्षा जास्त वापरली जाईल, आणि भेटीचा मान वापरण्यातच राखला जातो असे मला मनापासून वाटते. फक्त एक गोष्ट विद्यार्थ्यांनाही बजावून सांगा : या अवजाराच्या मुठी उघड्या पोलादाच्या आहेत, त्यांवर विजेपासून संरक्षण देणारे कोणतेही आवरण नाही. २३० व्होल्टच्या चालू वायरीला ते लावायचे नाही, मुख्य बटण बंद केल्याची खात्री झाल्यावरही परीक्षक दिवा लावून पाहिल्याशिवाय नाही.

चिपळूणच्या दमट हवेसाठी एक सूचना. स्टेनलेस पोलादही डाग धरते, विशेषतः लिंबू, कैरी किंवा कोकम कापून तसेच मिटवून ठेवले तर. कोमट पाण्यात सर्व पाती उघडमीट करून धुवावीत, पूर्ण वाळवावीत आणि प्रत्येक सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. घरात हाताशी असते म्हणून खोबरेल वापरू नये. थंडीत ते थिजते, पुढे चिकट होते आणि सांध्यात धूळ धरून ठेवते.

प्रश्न : निफाडला माझी द्राक्षबाग आहे. मंडपाची तार, ठिबकाच्या नळ्या, सुतळी, फवारणी पंपाचे क्लँप अशी दिवसभर कामे असतात. कमरेला लावायला पाचशे रुपयांचे मल्टिटूल घ्यावे का?

— एक बागायतदार, निफाड

उत्तर : वर ज्या रीतीने शिक्षिकाबाईंना चाकू सुचवला, त्याच रीतीने तुम्हाला पक्कड सुचवावी लागते. तुमची कामे हत्यारपेटीपासून दूर, बागेच्या दुसऱ्या टोकाला निघतात आणि त्यांतील बहुतेक धरण्याची, ओढण्याची व पिळण्याची आहेत. वजनाचा प्रश्नही उरत नाही, कारण तुम्ही ते पट्ट्याला लावणार आहात. वेव्हचे दुसरे पाते दातेरी आहे; सुतळी आणि ठिबकाची नळी त्याने झटकन कापली जाते, शिवाय ते अवजार न उघडता बाहेरूनच एका हाताने काढता येते, आणि दुसऱ्या हातात नळी धरलेली असताना याची किंमत कळते. व्हिक्टोरिनॉक्सच्या 'स्विसटूल'मध्ये पक्कड सोडून सगळी पाती बाहेरून उघडतात, मात्र दोन्ही हात लागतात. तुमच्यासाठी मी वेव्ह निवडेन.

पाचशे रुपयांच्या अवजाराविषयी माझा अनुभव चांगला नाही, तरी दुकानात स्वतः पारखून पाहा. पक्कड मिटून उजेडासमोर धरा. टोके आधी जुळली पाहिजेत. जबडा डावी-उजवीकडे हलवून पाहा. मग मूठ जोराने दाबा : कडा तळहातात रुतत असतील, तर चार तास काम केल्यावर हाताचे काय होईल ते लगेच समजते. या तीन परीक्षांत बहुतेक स्वस्त अवजारे नापास होतात.

मंडपाची ताणाची कडक तार मात्र यातील कोणत्याही अवजाराने कापू नका. कटरच्या धारेला खाच पडते. वेव्ह प्लसचे कटर बदलता येतात, पण खाच पाडून ते बदलत बसण्यापेक्षा तारेसाठी वेगळा लांब दांड्याचा कटर ठेवावा. छाटणीच्या कात्रीलाही याने पर्याय नाही.

प्रश्न : मी लंडनला राहतो आणि दरवर्षी पुण्याला येतो. वडिलांनी दिलेले खटक्याचे मल्टिटूल रोज खिशात ठेवतो. काही अडचण?

— एक वाचक, लंडन

उत्तर : पुण्यापेक्षा लंडनमध्ये अडचण अधिक आहे. इंग्लंडच्या १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्यानुसार सार्वजनिक जागी सबळ कारणाशिवाय फक्त घडीचा खिशातला चाकू चालतो, आणि त्याची धार तीन इंचांपेक्षा लांब असता कामा नये. खटका बसून पक्के होणारे पाते तेथील न्यायालयांनी या सवलतीतून वगळले आहे, मग ते कितीही आखूड असो. आपण सुतार किंवा वीजतंत्री असाल आणि कामावर निघाला असाल तर कारण देता येते. नुसती सवय हे कारण होत नाही. वडिलांची वस्तू घरी ठेवा आणि खिशात खटका नसलेला चाकू बाळगा.

भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, त्या मापाच्या जवळपासही खिशातले अवजार जात नाही. तरीही महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सणासुदीला किंवा निवडणुकीच्या काळात जे मनाई आदेश निघतात, त्यांत चाकूही येतात. म्हणून पुण्यात उतरल्यावर वर्तमानपत्रातील तो आदेश पाहावा आणि त्या दिवसांत अवजार घरीच ठेवावे. विमानात ते हातातल्या बॅगेत चालत नाही. सामानाच्या बॅगेत, आणि तेही निघण्याच्या आदल्या रात्रीच ठेवा. सुरक्षा तपासणीच्या रांगेत आठवण झाली तर वडिलांची आठवण तेथील पेटीत टाकून पुढे जावे लागेल.