बंदूक घेऊन लढलेला नेता स्वातंत्र्यानंतर देश सांभाळू शकतो का, की शेवटी लष्करशाहीच येते?

मला या प्रश्नावर पहिलं नाव आठवतं ते पूर्व तिमोरच्या शनाना गुस्मांव यांचं. मी डिचोलीचा, त्यामुळे पोर्तुगीजांची आणखी एक वसाहत म्हणून त्या देशाबद्दल आधीपासून ओढ आहे, 1844 पर्यंत तर तिमोरचा कारभार गोव्याच्याच हाताखाली चालायचा. आपण 1961 ला सुटलो. त्यांनी 28 नोव्हेंबर 1975 ला स्वातंत्र्य जाहीर केलं आणि 7 डिसेंबरला इंडोनेशियाचं सैन्य आत घुसलं, म्हणजे जेमतेम नऊ दिवस मिळाले बिचाऱ्यांना.

शनाना आधी पोर्तुगीज सैन्यात सक्तीची नोकरी करून आलेले. 1978 च्या शेवटच्या दिवशी स्वातंत्र्यलढ्याचे प्रमुख निकोलाव लोबातो मारले गेले, फौज पार विस्कटली, ती यांनी डोंगरात राहून परत उभी केली. 1992 ला राजधानी डिलीत पकडले गेले, जन्मठेप झाली, ती नंतर 20 वर्षांवर आणली.

पण लढाईपेक्षा मला 1999 जास्त महत्त्वाचं वाटतं. 30 ऑगस्टला सार्वमत झालं, 78.5 टक्के लोकांनी स्वातंत्र्य मागितलं आणि त्यानंतर इंडोनेशियाच्या सैन्याने पोसलेल्या टोळ्यांनी गावंच्या गावं जाळली. तेव्हा फालिंतिलचे, म्हणजे यांच्या फौजेचे लोक बंदुका घेऊन छावण्यांत बसलेले, घरं जळतायत, माणसं मारली जातायत हे कळतंय आणि शनानांचा हुकूम असा की बाहेर पडायचं नाही, कारण एकदा का यांनी गोळी झाडली की जकार्ता जगाला सांगणार, बघा हे यादवी युद्ध आहे, आमचं सैन्य इथे हवंच. आणि ती पोरं खरंच थांबली! 20 सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय फौज उतरली. चोवीस वर्षं लढलेल्या माणसांना थांबवून धरणं हे मला कुठल्याही लढाईपेक्षा मोठं वाटतं.

20 मे 2002 ला देश स्वतंत्र झाला, शनाना 82 टक्क्यांवर मतं घेऊन राष्ट्राध्यक्ष झाले, पण सरकार चालवायचे पंतप्रधान मारी अल्कातिरी आणि दोघांचं जुनं वाकडं. 2006 ला तेच फुटलं. सैन्य सगळं मिळून 1,400 च्या आसपास, त्यातल्या जवळपास 600 जणांनी पश्चिमेकडच्यांना बढतीत डावललं जातं म्हणून बराकी सोडल्या, त्यांना काढून टाकलं, मग सैन्य आणि पोलीस एकमेकांवरच गोळ्या झाडायला लागले. दहा लाखांच्या देशात दीड लाख लोक बेघर! इथे मात्र मी शनानांना माफ करू शकत नाही. मार्चमध्ये त्यांनी टीव्हीवर जे भाषण केलं त्याने पूर्व-पश्चिम हा वाद शमायच्या ऐवजी भडकला, आणि सैन्य सोडून पळालेल्या मेजर रेनादोशी ते थेट बोलत राहिले. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगानेही म्हटलं की त्यांनी जास्त संयम दाखवायला हवा होता. कमांडरची सवय असते ना, आपल्या माणसाशी डायरेक्ट बोलून मिटवायचं, ती जंगलात चालते, राष्ट्राध्यक्षाला नाही चालत.

2007 ला ते पंतप्रधान झाले. 11 फेब्रुवारी 2008 ला एकाच सकाळी राष्ट्राध्यक्ष रामोस-होर्ता यांना गोळ्या लागल्या आणि शनानांच्या गाड्यांच्या ताफ्यावरही हल्ला झाला, ते वाचले, रेनादो मारला गेला. यानंतरचं मात्र त्यांचं वागणं मला फार आवडतं. सूड वगैरे काही नाही, ज्या सैन्याने आणि पोलिसांनी दोन वर्षांआधी एकमेकांना मारलं होतं त्यांना एकाच कमांडखाली घालून एकत्र कामाला लावलं, उरलेले बंडखोर एप्रिलमध्ये शरण आले. काढून टाकलेल्या सैनिकांना प्रत्येकी 8,000 डॉलर, घर जळलेल्यांना 4,500 पर्यंत, आणि बेघरांच्या छावण्या हळूहळू रिकाम्या झाल्या. तेलाच्या पैशाने शांतता विकत घेतली अशी टीका होते, मला ती अर्धीच पटते. छावणीत तंबूत राहणाऱ्या बाईला आधी छप्पर लागतं हो. पण पैसे वाटायची जी सवय लागली ती सुटली नाही, माजी लढवय्यांच्या पेन्शनवर प्रचंड खर्च होत राहिला आणि तिकडे निम्म्याच्या आसपास लहान मुलं कुपोषणाने खुरटलेली, हे मनाला लागतं.

आता तुमच्या लष्करशाहीबद्दल. 2015 ला त्यांनी स्वतःहून पंतप्रधानपद सोडलं आणि ते विरोधी फ्रेतिलिनच्या, म्हणजे अल्कातिरींच्याच पक्षाच्या, रुई आराउजो यांच्याकडे गेलं. 2017 च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष एका जागेने मागे पडला, 22 विरुद्ध 23, जुने साथीदार सगळे सैन्यात आणि पोलिसात वरच्या जागांवर असताना ते विरोधात जाऊन बसले, आणि 2023 ला परत निवडून येऊन, वयाच्या 77 व्या वर्षी, पुन्हा पंतप्रधान झाले.