गेम विकत घेताना समीक्षकांच्या स्कोअरवर किती भरोसा ठेवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ जीबी रॅमचा जुना पीसी, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, वर्षाला दोन-तीन गेम घेता येतील एवढेच पैसे. मॉन्स्टर हंटर वाइल्ड्सला समीक्षकांनी नव्वदीच्या आसपास मार्क दिलेत आणि स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात त्याच गेमखाली लोकांचा शेरा 'मिक्स्ड'. मग ऐकायचं कोणाचं?

मी दर्यापूरच्या बाजूला एका गावात ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान चालवतो. पीकविम्याची शेवटची तारीख जवळ आली की श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि ती गेली की दुकानात मी आणि पंखा. त्या रिकाम्या दिवसांत गेमही पुष्कळ खेळलो आणि गेमवर पैसेही घालवले. माझं म्हणणं एवढंच की स्कोअर जरूर पाहा, पण गावाची पैसेवारी पाहतो तसा पाहा.

पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगतो. पैसेवारी म्हणजे गावाचं पीक रुपयात किती पैसे आलं त्याचा सरकारी आकडा. गावातले काही प्लॉट निवडतात, तिथे कापणी करून वजन करतात आणि सरासरी काढतात. पन्नास पैशांच्या खाली आलं तर दुष्काळसदृश म्हणून सवलती, वर गेलं तर गाव ठणठणीत. एका वर्षी आमचं नाल्याकाठचं तीन एकर सोयाबीन उभ्या उभ्या सडलं आणि गावाची पैसेवारी पन्नासच्या वर निघाली. आकडा खोटा नव्हता. वरच्या शिवारात पीक खरंच चांगलं होतं. तो आकडा आमच्या वावराचा नव्हता, एवढंच.

मेटाक्रिटिकचा आकडा नेमका असाच असतो. 2001 पासून ही साइट वेगवेगळ्या समीक्षकांचे मार्क शंभरपैकी करून त्यांची सरासरी काढते. सगळ्यांचं वजन सारखं नसतं आणि कोणाचं किती, हे ते सांगत नाहीत. 75 आणि वर हिरवा, 50 ते 74 पिवळा, त्याखाली लाल. नव्वद आणि वर गेला, शिवाय पुरेसे रिव्ह्यू असले, की 'मस्ट प्ले'चा बिल्ला. 2015 मध्ये आलेली ओपनक्रिटिक साधी सरासरी काढते आणि शंभरातले किती समीक्षक गेम घ्या म्हणतात तेही दाखवते. हा दुसरा आकडा मला जास्त कामाचा वाटतो. जपानच्या फामित्सू मासिकाची पद्धत तर मला फारच आवडते. चार समीक्षक, प्रत्येकाचे दहा मार्क, एकूण चाळीस, आणि चौघांचे मार्क वेगवेगळे छापलेले. एकाने नऊ दिले नि दुसऱ्याने सहा, तर ते दिसतं. सरासरीत ते भांडण पुरलं जातं, आणि आपल्या कामाचं तर ते भांडणच असतं.

आता सायबरपंक 2077 घ्या. 10 डिसेंबर 2020 ला आला. त्याआधी समीक्षकांच्या हातात फक्त पीसीची आवृत्ती दिली होती, तीही स्वतःचं चित्रीकरण दाखवायचं नाही या अटीवर. तगड्या पीसीवर खेळून त्यांनी मार्क दिले आणि पीसीची सरासरी 86 वर गेली. ज्यांच्या घरी जुना प्लेस्टेशन 4 होता त्यांनी हे पीसीचे मार्क पाहून पैसे भरले, आणि गेम रडतखडत चालला. त्या मशीनवरची सरासरी मागाहून निघाली ती 57. आठवड्याभरात सोनीने तो गेम आपल्या दुकानातून काढला, तो परत आला जून 2021 मध्ये. गेम एकच. मोजायला निवडलेला प्लॉट वरच्या शिवारातला होता.

तुमच्या मॉन्स्टर हंटरचंही तेच झालं. शिकार, हत्यारं, राक्षस यांना समीक्षकांनी मार्क दिले आणि ते मार्क खरे आहेत. 28 फेब्रुवारी 2025 ला तो सगळ्यांच्या पीसीवर उतरला तेव्हा कित्येकांकडे अडखळला. स्टीमवरची बोंब त्या अडखळण्याची होती. दोघंही खरं बोलत होते, वावरं वेगळी. आणि त्या गेमला कमीत कमी सोळा जीबी रॅम लागते, म्हणजे तुमच्यापुरता हा वाद तिथेच मिटला.

पैसेवारीत आणखी एक गोष्ट असते, जी गेमच्या स्कोअरमध्ये नाही. आमच्याकडे पैसेवारी तीनदा निघते: सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि 31 डिसेंबरला अंतिम. मेटाक्रिटिक मात्र समीक्षकाचा पहिला स्कोअर धरून बसते, मागाहून त्याने बदलला तरी. म्हणजे नजरअंदाज हीच अंतिम. सायबरपंक नंतर इतका दुरुस्त झाला की 2023 पासून लोक तो आनंदाने खेळतात, आणि प्लेस्टेशन 4 चा 57 अजून तिथेच आहे. याच्या उलट स्टीमवर शेवटच्या तीस दिवसांतल्या लोकांचं मत वेगळं दिसतं. ऑगस्ट 2025 पासून तर तिथे भाषेप्रमाणेही मत वेगळं काढतात. पुढच्याच महिन्यात, 4 सप्टेंबरला हॉलो नाइट: सिल्कसाँग आला. त्याची प्रत आधी समीक्षकांनाही दिली नव्हती, त्यामुळे पहिल्या दिवशी स्कोअरच नव्हता, तरी गर्दी एवढी की ऑनलाइन दुकानं कोलमडली. मग मतं येऊ लागली तर बाकीचं जग खूश आणि चिनी खेळाडू नाराज, कारण चिनी भाषांतर रद्दी होतं. एकाच सरासरीत ते कोणाला कळलंही नसतं.

शेऱ्यांची भाषाही शिकून घ्यावी लागते. लग्नाच्या पंगतीतून उठलेला माणूस जेवण वाईट होतं असं कधी म्हणत नाही. "ठीक होतं" म्हणाला की समजायचं, वरणात मीठ नव्हतं. गेमच्या समीक्षेत ते "ठीक होतं" म्हणजे दहापैकी सात. आयजीएन या समीक्षेच्या साइटच्या पट्टीत 7 म्हणजे 'गुड', 8 'ग्रेट', 9 'अमेझिंग', 10 'मास्टरपीस'. कागदावर सात म्हणजे चांगला, पण वाचणाऱ्यांनी त्याचा अर्थ 'राहू द्या' असा करून ठेवलाय. मोठ्या कंपन्यांचे गेम बहुतेक सात ते नऊमध्येच फिरतात, खालचे पाच आकडे आमच्या शाळेतल्या मागच्या बाकांसारखे रिकामे. म्हणून सातवाल्या गेमचा रिव्ह्यू मी मुद्दाम वाचतो. त्यात पुष्कळदा माझ्या कामाचा माल असतो. युरोगेमर या दुसऱ्या साइटने 2015 मध्ये आकडे बंद करून नुसते 'रेकमेंडेड', 'इसेन्शियल', 'अव्हॉइड' असे शेरे सुरू केले होते. मला ते पटलं होतं. 2023 मध्ये तेही पाच ताऱ्यांवर परत आले. आकड्याशिवाय लोकांना चैन पडत नाही.

आणि आकड्याने पोटावर पाय येतो हेही खरं. 2010 च्या फॉलआउट: न्यू व्हेगस गेमच्या वेळी ऑब्सिडियन या स्टुडिओला मेटाक्रिटिकवर 85 आले तर बोनस, असा करार होता. आले 84. ही गोष्ट त्यांच्याच ख्रिस अव्हेलोनने 2012 मध्ये उघड केली. 51 पैसेवारीच्या गावातल्या माणसाला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता माझा मूर्खपणा सांगतो. पुतण्याने 'मस्ट प्ले'चा बिल्ला दाखवून दिवाळीत एक मोठा गेम घ्यायला लावला. सोयाबीनचे पैसे हातात होते, मीही पाघळलो. गेमचं नाव घेत नाही, कारण चूक माझी होती. डाउनलोडला अकरा रात्री गेल्या. लाइन गेली की राउटर बंद, राउटर चालू झाला की पुतण्या झोपलेला. एकदाचा उघडला तर पस्तीस मिनिटं 'शेडर्स तयार होत आहेत' ही पट्टी. मग मेनूत जाऊन सगळं 'लो' केलं, तरी नायक असा चालला जणू बैलाच्या पायात खुटी गेली. आम्ही दोघं पुन्हा सेटिंगमध्ये, पुन्हा बाहेर. दोन तास कसे गेले कळलंच नाही, आणि पैसे परत मागायची मुदत गेली. स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवस आणि खेळण्याचे दोन तास, यांच्या आतच परत मिळतात. गेम नुसता उघडा ठेवून पट्टीकडे बघत बसलात तरी घड्याळ चालू असतं.

तेव्हापासून मी स्कोअरच्या आधी 'स्टोरेज' वाचतो. तुमच्या हॉटस्पॉटसाठी हा हिशेब करून पाहा. बाल्डर्स गेट 3 ला मेटाक्रिटिकवर 96, जागा मागतो 150 जीबी. दिवसाला दीड जीबीच्या रिचार्जवर शंभर दिवस. पेरलेलं सोयाबीन काढायला येईल. बलाट्रोला 90, जागा मागतो 150 एमबी. हजारावा हिस्सा, सकाळच्या चहापर्यंत उतरतो. एकट्या माणसाने बनवलेला पत्त्यांचा गेम आहे, पैसे लावायची भानगड नाही. 'मस्ट प्ले'चा बिल्ला दोघांनाही. 2024 चा सर्वोत्कृष्ट गेम ठरलेल्या अ‍ॅस्ट्रो बॉटला 94 आहेत, पण तो फक्त प्लेस्टेशन 5 वर चालतो आणि तो माझ्या ओळखीत कोणाकडे नाही. आमच्या पारावरची पोट्टी तर दिवसभर मोबाइलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम खेळतात, त्यांना मेटाक्रिटिक म्हणजे काय हेही माहीत नाही. त्यांचं काही अडलेलं नाही.

स्कोअर बरोबर असूनही शेरा आपल्याला लागू पडेलच असं नाही, हे मला बाबांनी शिकवलं. दुकानात स्टारड्यू व्हॅली खेळत होतो. एरिक बॅरोन नावाच्या माणसाने एकट्याने बनवलेला 2016 चा शेतीचा गेम, पीसीवर 89. निवांत करणारा, ताण घालवणारा म्हणून त्याची ख्याती. बाबा सातबारा न्यायला आले आणि मागे उभे राहिले.

"हे काय पेरलं बे?"

"पार्सनिप. मुळ्यासारखं असतं."

"किती दिवसाचं?"

"चार."

"चार महिने?"

"चार दिवस, बाबा."

बाबा स्टूल ओढून बसले. "अन् भाव?"

"वीसचं बी, पस्तीसला जातं."

"रोज पस्तीसच?"

"रोज."

"अडत, हमाली, कटती?"

"काहीच नाही. पेटीत टाकायचं, सकाळी पैसे."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग याले खेळ कायले म्हणते? याच्यात हारतच नाही कोणी."

आता गंमत अशी की मोबाइलवर तो गेम सगळ्यात जास्त तेच खेळतात, आणि निवांत मुळीच नसतात. बुजगावणं लावायचं राहिलं आणि कावळ्यांनी रोपं खाल्ली तर संध्याकाळचं जेवण गोड लागत नाही त्यांना. समीक्षकांनी 89 दिले ते बरोबर, पण 'निवांत' हा शेरा त्यांच्या शिवाराचा. समीक्षक काही शेतीतून सुटी घेऊन खेळत नाहीत ना.

तर करायचं काय? मी आधी सगळ्यात कमी मार्क देणाऱ्याचा रिव्ह्यू वाचतो आणि त्याचं रडगाणं कशाचं आहे ते बघतो. 'फार संथ आहे', 'चित्रं जुन्या धाटणीची' असं असेल तर मला चालतं, उलट पीसीला सोपं. 'अडखळतो', 'बंद पडतो' असं दोघा-तिघांनी लिहिलं असेल तर 95 असो, मी हात लावत नाही. मग स्टीमवर नापसंतीची ताजी मतं काढतो, त्यात माझ्यासारख्या जुन्या ग्राफिक कार्डवाल्याला शोधतो, आणि तो किती तास खेळलाय ते पाहतो. दहा मिनिटं खेळून शिव्या देणारा सोडून द्यायचा. साठ तास खेळून नाराज झालेल्याचं मात्र शेवटपर्यंत वाचायचं.

आणि घाई करू नका. स्टीमचा उन्हाळी सेल येतो जूनअखेर, नेमका पेरणीत, तेव्हा खिशात बियाण्याची उधारी असते. हिवाळी सेल डिसेंबरअखेर. कापूस थोडाफार घरात आलेला असतो, मार्च-एप्रिलमध्ये आलेल्या गेमच्या दुरुस्त्याही बऱ्याच झालेल्या असतात आणि किंमतही उतरलेली असते. मी वर्षाची खरेदी तेव्हाच करतो.

तुमच्या पीसीसाठी माझं मत: आधी बलाट्रो किंवा स्टारड्यू, दोन्ही मिळून एक जीबीसुद्धा भरत नाहीत. नेट थोडं सुधारलं तर पहिला हॉलो नाइट, 2017 चा, नऊ जीबीचा. त्यापुढचं सांगायला मला ग्राफिक कार्डाचं नाव लागेल. तुम्ही रॅम लिहिली, कार्ड लिहिलंच नाही.