वकीलबाईंना विचारा : भाचा, घरमालक आणि लहान सरकार

प्रश्न : वकीलबाई, मी बँकेतून निवृत्त झालो. उभी हयात लोकांकडून फॉर्म भरून घेण्यात गेली, म्हणून २०१४ साली मोदींची 'मिनिमम गव्हर्नमेंट, मॅक्सिमम गव्हर्नन्स' ही घोषणा ऐकली आणि मत देऊन मोकळा झालो. आता माझा २७ वर्षांचा भाचा डेहराडूनला नोकरी करतो आणि मैत्रिणीबरोबर राहतो. घरमालक त्याच्याकडे सरकारी नोंदणीचा कागद मागतोय. मुलगा महाराष्ट्रातला, त्याला हे लागू होतं का? आणि ते माझ्या बहिणीला कळवतील का? तिला अजून काही ठाऊक नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर : लागू होतं. उत्तराखंडचा समान नागरी कायदा २७ जानेवारी २०२५ला अमलात आला. राज्यात लग्नाशिवाय एकत्र राहणारं जोडपं मूळचं कुठलंही असो, निबंधकाकडे निवेदन द्यावं लागतं. महिनाभरात दिलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माहिती हद्दीतल्या पोलीस ठाण्यातही जाते. पुढे दोघांचं फाटलं, तर तेही कळवायचं. म्हणजे ब्रेकअपचासुद्धा फॉर्म आहे! तुमच्यासारख्या बँकवाल्याला तरी हे सुचलं असतं का?

लग्नाआधी सरकारी भिंतीवर नाव लागणं मला नवं नाही. १९८६ साली आम्ही १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं. तीस दिवस आमची नोटीस कचेरीतल्या जाळीच्या फळ्यावर, गंजक्या टाचणीला लटकलेली. बाबांच्या ऑफिसातले एक गृहस्थ तिथं स्टँपपेपरसाठी आले, त्यांनी ती वाचली आणि संध्याकाळी पेढे मागायला थेट घरी. मी तोवर घरी बोलले नव्हते. पेढे काही मिळाले नाहीत त्यांना. ती तीस दिवसांची अट आजही कायद्यात आहे.

घोषणा अगदीच पोकळ होती असं मी म्हणणार नाही. साक्षांकनासाठी राजपत्रित अधिकारी शोधत फिरणं पुष्कळ कमी झालं, दीड हजारांवर जुने कायदे रद्द झाले. पण दुकानाच्या दारातून निघालेलं सरकार घराच्या दारात येऊन बसलं, त्याचं काय? आपल्याकडे २०१५मध्ये गोवंशहत्याबंदी आली, तेव्हा परराज्यात कायदेशीर कापलेलं गोमांस घरात ठेवणंसुद्धा गुन्हा ठरवलं होतं. म्हणजे पोलिसांनी फ्रीज उघडून बघायचा. मे २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं, बंदी कायम ठेवून, तेवढं कलम खासगीपणाच्या मुद्द्यावर रद्द केलं. आणि खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, असं केंद्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात मांडलं होतं. २४ ऑगस्ट २०१७ला नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं तो हक्क मान्य केला.

आता काँग्रेसवाले वाचक खूश होतील, म्हणून त्यांनाही आठवण देते. १९७६ साली महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. फरक इतकाच की त्यांनी लहान सरकारचं वचन दिलं नव्हतं.

भाच्याचं म्हणाल तर घरमालकाशी वाद घालू नये, पण स्वतः काही लिहून देण्याआधी तिथल्याच वकिलाला गाठावं. या तरतुदींना नैनितालच्या उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, त्यामुळे आजची स्थिती तिथलाच माणूस नीट सांगेल. भाडेकरार दोघांच्या नावावर आहे का, तेही त्याला दाखवावं.

राहिली तुमची बहीण. दोघांपैकी कुणी २१च्या आतलं असेल, तर निबंधक आईवडिलांना कळवतो. मुलीचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. भाचा २७ वर्षांचा आहे, त्यानं मामाला स्वतःहून सांगितलं. आईला कधी सांगायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या, तुम्ही निबंधक होऊ नका.